‘दहावी फ’ आपल्याही गावात आहे



या पानावर एरवी आपण खत, बियाणे, पाणी आणि कीड-रोगांवर बोलतो. आज शाळेवर बोलायचे आहे. कृषी खात्याच्या माणसाने शाळेत कशाला नाक खुपसायचे, असे कुणी म्हणेल. पण आमचे काम बांधावरचे. तिथे तुमची पोरे भेटतात, आणि वर्गात न दिसणाऱ्या काही गोष्टी बांधावर दिसतात. त्यातलीच ही एक.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावातला प्रसंग. रब्बीची तयारी चालली होती. शाळेला लागून असलेल्या रानात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक ठेवले होते. शाळेने आठवी-नववीची पोरे पाहायला आणली होती. पोरे नुसती उभी राहू नयेत म्हणून मी विचारले, ‘‘हेक्टरी ६५ किलो बियाणे लागते. दहा किलो बियाण्याला रायझोबियमचे २५० ग्रॅमचे एक पाकीट. मग एकरभर हरभऱ्याला किती लागेल?’’

पुढची पोरे वहीत आकडेमोड करू लागली. तेवढ्यात पाठीमागून एक पोरगा हळूच म्हणाला, ‘‘साडेसहाशे ग्रॅम. म्हंजी दोन पुड्या पुऱ्या, आन् तिसरीतली निम्म्याहून थोडी जास्ती.’’

उत्तर बिनचूक होते. मी शाबासकी द्यायला पुढे झालो, तर शेजारी उभ्या असलेल्या एका शिक्षकांनी कानाशी येऊन सांगितले, ‘‘साहेब, चुकून आलं असेल. ढ आहे तो. शिवाय दिवाळी झाली की कोयत्यावर जाणार. त्याच्यावर वेळ घालवू नका.’’

दुसरे एक शिक्षक मात्र त्या पोराजवळ गेले. म्हणाले, ‘‘कसं काढलंस रे? सगळ्यांना सांग बरं.’’ पोरगा आधी लाजला, मग बोलायला लागला. ‘‘हेक्टरचे अडीच एकर. पासष्टचे अडीच भाग केले का एकराला सव्वीस किलो. दहाला अडीचशे, तर सव्वीसला साडेसहाशे. अवघड काय त्यात? तिकडं टनाचा हिसाब मीच धरतो. मुकादम आन् आमचा बाप दोघंबी मलाच इचारत्यात.’’

शाळा एकच, पोरगाही एकच. पण दोन शिक्षकांच्या लेखी तो दोन वेगळी मुले होता. गाडी चालवत घरी येताना मला ‘दहावी फ’ हा सिनेमा आठवला.

सिनेमातली शाळा

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा मराठी चित्रपट २००२ चा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका शाळेत मार्कांप्रमाणे तुकड्या पाडलेल्या आहेत. ‘अ’ तुकडीत हुशार म्हटलेली मुले, बहुतेक सुखवस्तू घरची. शेवटची तुकडी ‘फ’. तिथे कष्टकऱ्यांची, काम करून शिकणारी, घरी अभ्यासाला धड जागा नसलेली मुले. काही शिक्षकांनी ठरवूनच टाकले आहे की ‘फ’ म्हणजे वाया गेलेली पोरे. अपमान साचत जातो, ‘अ’ आणि ‘फ’ ची भांडणे होतात, आणि शेवटी रागाच्या भरात ‘फ’ ची मुले शाळेची प्रयोगशाळा फोडतात.

आता आपण असतो तर काय केले असते? पोलिसात द्या, दाखले हातात द्या, असेच म्हणालो असतो. सिनेमातही असे म्हणणारे आहेत. पण अतुल कुलकर्णी यांनी रंगवलेले शिक्षक वेगळी वाट धरतात. चूक झाली हे ते झाकत नाहीत. मोडलेले भरून द्यायचे, पण मुलांनी स्वतः कष्ट करून, असे ते सुचवतात. मग हीच ‘बिनकामाची’ मुले कामे शोधतात, पैसा जमवतात, हिशेब ठेवतात आणि एकमेकांना सांभाळून घेतात. ज्या हातांनी प्रयोगशाळा फोडली, तेच हात ती उभी करायला लागतात.

यात दोन प्रकारची शिकवण समोरासमोर येते. एक शिक्षक मुलाला आधी तोलतो आणि मग ठरवतो की याला शिकवायचे की नाही. दुसरा आधी जबाबदारी देतो आणि मग बघतो की मूल किती उचलते. दुसरा लाड करतो असे समजू नका. उलट त्याची अट जास्त कडक आहे. पहिला शिक्षक शिक्षा करून मोकळा होतो, दुसरा मुलाकडून काम पुरे करून घेतो.

आपल्या भागाला ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती गोरगरिबांच्या मुलांना कष्ट करून शिकता यावे म्हणूनच. आपल्या जिल्ह्यात ‘रयत’च्या शाळेत शिकलेली माणसे गावोगाव सापडतील. वसतिगृहात राहून, शेतात राबून शिकलेल्या त्या पिढीला ‘अ’ आणि ‘फ’ मध्ये वाटले असते, तर त्यातली किती पुढे आली असती?

पिशवीवरची चिठ्ठी

तुम्ही म्हणाल, सिनेमात काहीही दाखवतात. मग एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत रॉबर्ट रोझेन्थाल आणि लिनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेत केलेला हा प्रयोग १९६८ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यांनी मुलांची चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही मुलांची नावे दिली. सांगितले की ही मुले यंदा चांगली पुढे जाणार आहेत. खरे तर ती नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कशीही निवडलेली होती. वर्षअखेर पुन्हा चाचणी घेतली, तर खालच्या वर्गांत त्या मुलांनी इतरांपेक्षा जास्त प्रगती केलेली दिसली. त्या आकड्यांवर पुढे बराच वाद झाला, आणि परिणाम किती मोठा यावर जाणकारांचे एकमत नाही. पण शिक्षकाच्या मनातली अपेक्षा मुलापर्यंत पोचते, ही गोष्ट त्यानंतर जगभर विचारात घेतली जाऊ लागली.

आपल्या भाषेत सांगायचे तर बियाणे एकाच पोत्यातले, फक्त पिशवीवरची चिठ्ठी वेगळी. ‘उत्तम’ लिहिलेल्या पिशवीतले बी आपण वाफसा बघून पेरतो, वेळेवर पाणी देतो. ‘किरकोळ’ लिहिलेले बी बांधाकडेला फेकतो आणि वर म्हणतो, ‘बघा, मी सांगत होतो, उगवलंच नाही.’ उगवण झाली नाही तर आम्ही शेतकऱ्याला विचारतो, बी किती खोल गेले? ओल होती का? बीजप्रक्रिया केली होती का? सगळे तपासून मग बियाण्याला दोष देतो. पोराच्या बाबतीत मात्र पहिल्याच दिवशी बियाणे खराब ठरवून मोकळे होतो.

मी स्वतः दहावीला गणितात काठावर पास झालेला. एका गुरुजींनी वर्गात सांगितले होते की हा पुढे जाणार नाही. दुसऱ्या गुरुजींनी शाळेच्या रोपवाटिकेची किल्ली माझ्या हातात दिली आणि सांगितले, ‘‘रोपं किती जगली, किती मेली, रोज लिहून ठेवायचं.’’ टक्केवारी काय असते ते मला त्या वहीत कळले. पुढे कृषी पदविकेला गेलो, त्याला ती किल्ली कारण आहे असे मी मानतो.

राळेगणने नापासांना आधी घेतले

आपल्याच जिल्ह्यातले, पारनेर तालुक्यातले उदाहरण घ्या. राळेगणसिद्धी म्हटले की पाणलोट, नालाबांध, चराईबंदी आठवते. पण तिथल्या शाळेचा धडा आपण फारसा घेतलेला नाही. त्या गावात १९७१ च्या सुमारास जेमतेम तीस टक्के लोक साक्षर होते. पुढच्या शिक्षणाला पोरांना शिरूर-पारनेरला जावे लागे आणि पोरींची शाळा प्राथमिकलाच संपे. १९७९ मध्ये गावाने संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळ स्थापन करून माध्यमिक शाळा सुरू केली. इमारतीला सरकारी योजनेचा पैसा मिळाला आणि गावकऱ्यांनी श्रमदान केले.

त्या संत निळोबाराय विद्यालयाची खरी ओळख पुढे झाली ती प्रवेशाच्या नियमाने. बाकीच्या शाळा नव्वद टक्केवाल्याला हात धरून आत घेतात. राळेगणने दुसरीकडे नापास झालेल्या, शाळेने नको म्हटलेल्या, वांड ठरलेल्या मुलांना प्राधान्य दिले. त्यांच्यासाठी वसतिगृह ठेवले. पहाटे उठणे, व्यायाम, श्रमदान, अभ्यास असा दिवस बांधून दिला. ‘नापासांची शाळा’ असे लोक तिला कौतुकाने म्हणू लागले.

विचार करा, जिथे बहुतेकजण कधी ना कधी नापास झालेले, तिथे नापासाला हसणार कोण? आणि शिक्षकालाही ‘हा आधीच गेलेला’ म्हणून हात झटकता येत नाहीत, कारण अशाच मुलांना शिकवायला तो तिथे आहे. म्हणजे शिस्त कडक, पण शिक्का नाही. प्रत्येक गावात असे वसतिगृह काढता येणार नाही, हे मला कळते. पण नियमातला विचार कुठल्याही गावाला घेता येतो: जो मागे राहिला, त्याच्याकडे आधी बघायचे.

आमच्या खात्याचा धडा

मास्तरांना उपदेश करण्याआधी आमच्या खात्याचेही सांगतो. विस्ताराची जुनी रीत कशी होती? चावडीवर सभा, साहेबाचे भाषण, हातात घडीपत्रिका. शेतकरी माना डोलवायचे आणि घरी जाऊन आपलेच करायचे. मग अहवालात लिहिले जायचे की शेतकरी तंत्रज्ञान स्वीकारत नाहीत. म्हणजे आम्हीही शेतकऱ्याला शेवटच्या बाकावर बसवले होते!

१९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांचा प्रश्न फार वाढला होता. तेव्हा जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने तिथे शेतीशाळा सुरू झाल्या. भाषण बंद. शेतकऱ्यांनी दर आठवड्याला शेतात उतरायचे, कीड किती आणि मित्रकीटक किती ते मोजायचे, चित्र काढायचे आणि फवारणी करायची की नाही हे आपसात चर्चा करून ठरवायचे. तीच पद्धत पुढे आपल्याकडे आली आणि कृषी विभाग आज शेतीशाळा घेतो. माझा अनुभव असा की सभेत कधी तोंड न उघडणारा कोरडवाहू शेतकरी शेतीशाळेत सगळ्यात नेमके बोलतो. माणूस तोच असतो, शिकवायची रीत बदललेली असते.

दिवाळीनंतरची रिकामी जागा

आता मूळ दुखण्याकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात ‘फ’ तुकडी फळ्यावर लिहिलेली नसते. ती दिवाळीनंतर तयार होते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून माणसे उचल घेऊन कोयत्यावर जातात, सोबत पोरेही जातात. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि पार मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे शाळेचा अर्ध्याहून अधिक काळ गेला. पोरगा परत येतो तेव्हा वर्ग दोन धडे नाही, दहा धडे पुढे गेलेला असतो. मग तो मागे बसतो, गप्प राहतो आणि ‘ढ’ ठरतो. पोरींचे तर आणखी अवघड. कोपीवर धाकट्याला सांभाळायला, भाकरी थापायला ती लागते. चार हंगाम गेले की शाळा सुटते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात.

याच जिल्ह्यात प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सहकाराने कितीतरी घरे वर आणली. त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण ज्या उसाने बागायती भागातल्या पोरांना कॉलेज दाखवले, तो ऊस तोडणाऱ्याचे पोरगे चौथीत अडकते, हेही आपल्याच जिल्ह्यात घडते. उत्तरेचे आणि दक्षिणेचे, दोन्हीकडचे लोक हे पान वाचतात, म्हणून दोघांनाही सांगतो.

गावाने काय करावे?

१) दिवाळीआधी यादी करा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे म्हटले आहे. ही समिती फक्त सहीपुरती ठेवू नका. कोणती घरे कोयत्यावर जाणार आणि कोणती पोरे सोबत जाणार, हे सप्टेंबरातच लिहून काढा.

२) पोराला मागे ठेवायची सोय बघा. आजी-आजोबा, चुलते यांच्याकडे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मागणी मुख्याध्यापकांमार्फत वेळेत गेली पाहिजे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना २०२१ मध्ये मंजूर झाली आहे. तिची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

३) जाणाऱ्या पोराच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या. कोणत्या इयत्तेत आहे, काय येते, काय राहिले हे त्यावर असले की पुढच्या शाळेला सोपे जाते.

४) कारखाना भागातल्या गावांनो, कोप्या पडल्या की शाळेने स्वतः तिथे जावे. वयाचा दाखला नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला यायचा आहे, या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, असे कायदा सांगतो. आपल्या उसाच्या फडात राबणाऱ्याचे पोरगे आपल्या शाळेत चार महिने बसले, तर आपले काही कमी होत नाही.

५) बाक फिरते ठेवा. दर आठवड्याला मागचे पुढे, पुढचे मागे. याला पैसा लागत नाही, जी.आर. लागत नाही.

६) ‘ढ’ हा शब्द शाळेतून आणि घरातूनही काढा. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींना बंदी आहे. घरी आपणही पाहुण्यांसमोर ‘आमचं हे जरा मंदच आहे’ म्हणतो. ते पोरगे ऐकत असते.

७) पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेकडे लक्ष ठेवा. महाराष्ट्रात २०२३ मध्ये नियम बदलले. आता या दोन इयत्तांत नापास झालेल्या मुलाची पुनर्परीक्षा होते आणि त्यातही नापास झाले तर त्याच वर्गात बसावे लागते. पण त्याआधी मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचे असते. कोयत्यावरून परतलेल्या पोराला ते मिळाले का, हे समितीने वर्गात जाऊन विचारावे.

गुरुजी मंडळींबद्दलही न्यायाने बोलले पाहिजे. एक शिक्षक, दोन-दोन वर्ग, त्यात पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाईन माहिती, निवडणुकीची कामे. माणूस कातावतो. कातावलेल्या माणसाच्या तोंडून ‘ढ’ निघते. ग्रामपंचायतीने एखादा शिकलेला तरुण नोंदींच्या मदतीला दिला, तर त्या शिक्षकाचा तासभर वाचेल. तो तास मागच्या बाकाला मिळेल, एवढे मात्र समितीने बघावे.

शेवटी त्या पोराचे

हरभऱ्याचा हिशेब करणारा तो पोरगा त्या वर्षी मागे राहिला नाही. दिवाळी झाली आणि गेला. उचल घेतलेली होती, घरात सांभाळायला कुणी नव्हते. पण त्या दुसऱ्या शिक्षकांनी जाताना त्याच्या हातात कार्ड दिले आणि मुकादमाचा फोन नंबर लिहून घेतला. ज्या गावी कोपी पडली तिथल्या शाळेला स्वतः फोन केला. हंगाम चालू असताना दोन-तीनदा पोराशी बोलले. ‘‘किती टन झाला रे आज? मोळ्या किती पडल्या? सरासरी काढून सांग,’’ असा फोनवरच गणिताचा तास.

मार्चात पोरगा परत आला. मी हरभऱ्याची काढणी पाहायला गेलो होतो, तेव्हा तो वर्गात दुसऱ्या बाकावर दिसला. जागा त्याच्यासाठी राखून ठेवली होती. त्याच वर्गातली दुसरी दोन पोरे मात्र परत आली नाहीत. पटावर त्यांची नावे अजून आहेत.

बंधू-भगिनींनो, आपल्या गावच्या शाळेच्या पटावर अशी किती नावे आहेत, ते एकदा जाऊन मोजा. आणि पुढच्या सप्टेंबरात, पेरणीच्या बियाण्याची यादी कराल, त्याच दिवशी ही यादीही करा.